चार नंबरच्या पेशी

९ जानेवारी

ही वही बायकोने आणून दिली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तिथे कंपन्यांच्या फुकट वह्या येतात. म्हणाली, "डोक्यात जे घोळतं ते आता ह्यात घोळवा. माझ्या कानांना जरा सुट्टी द्या." तिचंही चूक नाही. काल घरातून निघाल्यावर मी दोनदा मागे फिरलो, एकदा गॅससाठी, एकदा कुलपासाठी. तिसऱ्यांदा वळलो तेव्हा तिने माझा दंडच धरला.

तर लिहितो. वय एकावन्न. बावीस वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवतोय. तिथले तरुण लोक पाठीमागे मला 'डबलचेक' म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

आज चार नंबरचा तुकडा आला. पेशंटचं नाव आम्हाला सांगत नाहीत, नुसता नंबर असतो. बर्फाच्या डब्यात एक बाटली, बाटलीत तांदळाच्या कणीएवढा माणसाचा मेंदू. कवटीला बारीक भोक पाडून आतल्या पोकळीच्या भिंतीवरून काढलेला. मोठ्या माणसाच्या मेंदूत नवीन काही उगवत नाही, असं मी शाळेत घोकलं होतं. ते खोटं निघालं. त्या भिंतीत काही पेशी जन्मभर पेंगत पडलेल्या असतात. मूळपेशी. त्यांना जागं करायचं, खायला घालायचं, एकीच्या लाख करायच्या आणि परत त्याच माणसाच्या पाठीत सोडायच्या, मज्जारज्जू जिथे चिरडलाय तिथे. स्वतःच्याच पेशी असल्या की शरीर त्यांना परकं म्हणून हाकलत नाही. दुसऱ्याच्या गेल्या तर मात्र घरात चोर शिरल्यासारखं होतं, सगळं अंग उठून बसतं.

हात धुतले, तुकडा बारीक केला, पेशी सुट्या केल्या, फ्लास्कमध्ये घातल्या. इन्क्युबेटरचं दार लागलंय का ते तीनदाच पाहिलं.

१२ जानेवारी

पाच नंबरचाही तुकडा आला. आता दोघं एकाच इन्क्युबेटरमध्ये, वरच्या फळीवर चार, खालच्या फळीवर पाच.

२१ जानेवारी

चार नंबरचे गोळे दिसायला लागले! ह्या पेशी तळाला चिकटत नाहीत. एकमेकींना धरून तरंगत राहतात आणि त्यांचे गोळे होतात, भिंगाखाली बारीक रेशमी लोकरीच्या गुंड्यांसारखे. पाच नंबर अजून आळसावलेले आहेत.

चार नंबरच्या थोड्या पेशी एका कुपीत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवल्या. एकच कुपी भरली. मॅडम म्हणाल्या, "असू दे. एक तर एक." मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. माझ्याहून सात वर्षांनी लहान, उभ्या उभ्या जेवतात आणि अर्धं वाक्य बोलून निघून जातात. उरलेलं अर्धं आपण समजून घ्यायचं.

२ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. दवाखान्याच्या बाजूची लिफ्ट घेतली, कारण आमची बंद होती. आत चाकाच्या खुर्चीत एक बाई, चौतीस-पस्तिशीची, खांदे पैलवानासारखे. मागे तिचे वडील खुर्ची धरून. तिच्या डोक्यावर एका बाजूला केस बारीक उगवलेले, मध्ये टाक्यांची खूण. तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं.

"तुम्ही पेशीवाले?"

मी हो म्हणालो. खोटं काय बोलणार, छातीवरच लिहिलं होतं.

"मग मी चार नंबर. माझं काय चाललंय तिकडे?"

पेशंटशी बोलायची आम्हाला मनाई आहे. मी म्हणालो, "खाऊन पिऊन सुखी आहेत."

ती खो खो हसली. "बाबा, ऐकलं? आपल्या घरात कुणीतरी खाऊन पिऊन सुखी आहे!"

चार मजले होईपर्यंत तिने सगळं सांगून टाकलं. गोदीत क्रेन चालवायची. नऊ वर्षं चाळीस मीटर उंचीवर बसली, खरचटलंसुद्धा नाही. एके दिवशी शिडी उतरताना शेवटच्या पायऱ्यांवर पाय सटकला आणि पाठीवर पडली, खाली लोखंडी खुंटी होती. कमरेखाली सगळं गेलं. "चाळीस मीटर उतरून आले आणि दीड मीटरने घात केला," म्हणाली.

लिफ्टचं दार उघडं राहावं म्हणून वडिलांनी हात आडवा धरला होता, मी बाहेर पडलो तरी तसाच.

११ फेब्रुवारी

आज पेशी वाटायच्या होत्या. गोळे मोठे झाले की आतल्या पेशी गुदमरतात, म्हणून ते मोडून एका फ्लास्कचे दोन करावे लागतात. नियम असा की गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटात एका वेळी एकाच पेशंटचं सामान घ्यायचं आणि नवीन फ्लास्कवर नंबर आधी लिहायचा. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवतो.

सकाळी बैठक लांबली, उशीर झाला. चार नंबरचं होत आलं होतं म्हणून पाच नंबर बाहेर काढून ठेवले. दोघांचे दोन-दोन मिळून नवे चार फ्लास्क भरले. झाकणं लावली. लिहायला पेन उचललं आणि आगीची घंटा झाली. घंटा झाली की हातातलं टाकून बाहेर पडायचं. चाळीस मिनिटं आवारात उभे होतो. तळमजल्यावर कुणाचा तरी टोस्ट जळला होता, एवढंच.

परत येऊन डावीकडच्या दोघांवर चार लिहिलं, उजवीकडच्या दोघांवर पाच. डावीकडे चारच होते.

१२ फेब्रुवारी

डावीकडे चारच होते. मी डावीकडून सुरुवात करतो, नेहमीच.

१३ फेब्रुवारी

निघताना झाकणं नीट बसवायला मी फ्लास्क मागे सरकवले होते. सरकवले की उचलून ठेवले? उचलून ठेवले असतील तर कुठल्या क्रमाने? बावीस वर्षांत कधी हातांना विचारावं लागलं नाही. आज विचारतोय, तर हात गप्प.

१६ फेब्रुवारी

पाच नंबर एकदम जोमाने वाढतायत. आधी आळशी होते. चार नंबर त्या मानाने थंड. नवं खाद्य दिलंय, त्याचा परिणाम असेल. असंही होतं. मी पाहिलंय.

बायकोला सांगितलं नाही. तरी जेवताना म्हणाली, "तीच भाजी तुम्ही तिसऱ्यांदा वाढून घेताय." मला वाटलं होतं पहिल्यांदाच घेतोय.

१८ फेब्रुवारी

मॅडमचा राग आला आज. मी दुपारी हात धुवायला गेलो, तेवढ्यात त्यांनी चारही फ्लास्कमधून थोड्या थोड्या पेशी काढून नेल्या. रजिस्टरमध्ये नोंद नाही, काही नाही. विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या कामाला हव्या होत्या." नियम फक्त आम्हालाच का? दारातून वळून विचारतात, "तुम्हाला काही सांगायचंय का?" मी म्हणालो, "हो, नोंद करत जा." माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या आणि गेल्या.

२२ फेब्रुवारी

शेवटी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून घेतलं.

"खात्री आहे की शंका?"

"शंका."

"गॅसची असते तशी?"

"तशीच. पण..."

"गॅस कधी चालू राहिलाय का आजवर? एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

मी म्हणालो, "प्रत्येक वेळी परत जाऊन बघतो म्हणूनच राहिला नसेल."

तिने घडी घातलेला टॉवेल उलगडून परत घातला. मग म्हणाली, "हे बघा, गॅस असता तर मीच तुमचा दंड धरला असता. पण ह्यात तिसरं माणूस आहे. ह्यात मी दंड धरणार नाही."

हे तिने सांगितलं ते बरं केलं की वाईट, कळत नाही.

२६ फेब्रुवारी

चार नंबरची शस्त्रक्रिया वीस मार्चला ठरली.

तिकडच्या बाजूला जायचं मला काही कारण नव्हतं, तरी गेलो. व्यायामाच्या खोलीत ती दोन दांड्यांमध्ये हातांवर लटकलेली होती, पाय खाली पोत्यासारखे. मला पाहून ओरडली, "पेशीवाले, वीस तारीख! आता जास्त खायला घाला!"

वडील पाणी आणायला गेले तेव्हा खुर्चीत बसून घाम पुसत म्हणाली, "लोकांना वाटतं मला उठून पळायचंय. पळून जाऊ कुठे? लघवी लागली हे मला कपडे ओले व्हायच्या आधी कळलं, तरी पुष्कळ. बाबांना माझं हे सगळं करावं लागतं. पन्नास वर्षं त्यांनी ट्रक चालवलाय, कुणाच्या बापाला भीत नाहीत. पण माझी चादर बदलताना डोळे भिंतीकडे ठेवतात."

मी म्हणालो, "होईल." हे मी का म्हणालो? होईल की नाही हे मॅडमनासुद्धा माहीत नाही. आमच्या आधीच्या तिघांत एकाला थोडा फरक पडला, दोघांना काहीच नाही.

१ मार्च

आज रविवार. तीन तास चाललो. कुठे गेलो होतो ते नीट सांगता येणार नाही. सांगितलं तर तारीख जाणार. ऑपरेशन थिएटरची पुढची पाळी तीन महिन्यांनी मिळते. पेशी बरोबर असल्या तर माझ्या वेडापायी एका बाईचे तीन महिने गेले. न सांगावं आणि पेशी पाच नंबरच्या निघाल्या तर... दोघांच्याही पाठीत...

हे लिहिल्यावर बरं वाटेल असं बायको म्हणाली होती. अजून तरी वाटत नाही.

३ मार्च

सांगितलं.

मॅडम खिडकीशी उभ्या राहून जेवत होत्या. मी दार लावून घेतलं आणि अकरा तारखेपासून सगळं सांगितलं, पेन, घंटा, टोस्ट, डावं-उजवं. त्यांनी डबा बंद केला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार.

"किती दिवस झाले?"

"वीस."

"वीस दिवस तुम्ही जेवलात कसे?"

त्या बसल्या. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलंय.

"आता तुम्ही तोंडाने सांगितलंत. म्हणजे मला समितीला लिहावं लागेल, पेशंटला कळवावं लागेल, तारीख पुढे ढकलावी लागेल. कळतंय ना?"

"हो."

"पेशी कुणाच्या, ते बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासतात. तीन आठवडे लागतात."

"मॅडम, मी नोकरी..."

"नोकरीचं नंतर," म्हणाल्या, आणि जाता जाता माझ्या खांद्याला हात लावला. बहुतेक वाटेत होतो म्हणून बाजूला केलं असावं.

६ मार्च

बाहेर पडायच्या दाराशी तिचे वडील उभे होते. किती वेळचे उभे होते कोण जाणे. जवळ आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला.

"तुम्हीच ना ते?"

"मीच."

"आम्हाला सांगितलं, एका कर्मचाऱ्याला शंका आली. शंका! माझी पोर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलीये. जेवत नाही. तुम्हाला हलकं वाटलं असेल ना, सांगून मोकळे झालात?"

मी म्हणालो, "नाही वाटलं."

"वाटायलाही नको," ते म्हणाले. "चूक केलीत ती केलीत. वीस दिवस गप्प बसलात ते कशाला? पहिल्याच दिवशी बोलला असतात तर आतापर्यंत निकाल लागला असता. तारीखही गेली नसती."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या सगळ्या शंका काढल्या, ही एक सोडून.

ते निघून गेले. ट्रकवाल्याची चाल, पाय फाकून. मी तिथल्या कठड्यावर बराच वेळ बसलो. बायकोला फोन केला. ती दुकानातून आली आणि शेजारी बसली.

१२ मार्च

अहवाल आला. तीन आठवडे म्हणाले होते आणि नवव्या दिवशीच आला. त्या लोकांकडे सध्या काम नसेल. वर अहवालावर नमुना मिळाल्याची तारीख धडधडीत चुकीची छापलीये, एकोणीस फेब्रुवारी! मी सांगितलं तेच मुळी तीन मार्चला. असले लोक दुसऱ्यांच्या पेशी तपासतात. मी मॅडमना दाखवलं, दुरुस्तीला पाठवू का म्हणून विचारलं. म्हणाल्या, "राहू दे हो. सगळंच दुरुस्त करायचं नसतं."

असो. चार ते चार, पाच ते पाच. लेबलं बरोबर होती. डावीकडे चारच होते.

मला उडी मारावीशी वाटली. पण मॅडमनी दुसरं पान उलटलं. त्यांनी नमुन्यावर आणखी एक तपासणी मागवली होती, पेशींच्या आतल्या गुणसूत्रांची. नियमाप्रमाणे ती पहिल्या पंधरवड्यात एकदा होते. तेव्हा सगळं साफ होतं. आता चार नंबरच्या दर तीन पेशींतल्या एकीत एक तुकडा जास्त आहे. अशा पेशी कधीकधी थांबायचं विसरतात. पाठीत सोडल्या असत्या तर मज्जातंतूंऐवजी गाठ वाढली असती. नक्की वाढली असती असं नाही. वाढू शकली असती.

"माझ्या हातून..." मी म्हणालो.

"तुमच्या हातून नाही. पेशी आहेत, बिघडतात." मग माझ्याकडे न बघता, "वीस तारखेला त्या पाठीत गेल्या असत्या."

म्हणजे मला जी भीती होती ती खोटी निघाली आणि जी नव्हती ती खरी. ह्याचं सुख मानायचं की दुःख? घरी येताना दोन बसस्टॉप पुढे गेलो.

१४ मार्च

तिने मॅडमना एकच गोष्ट मागितली. फेकून द्यायच्या आधी मला बघू द्या.

शेजारच्या खोलीत पडद्यावर भिंगातलं चित्र दिसतं. तिथे तिची खुर्ची आणली. वडील दाराबाहेरच थांबले. मी फ्लास्क भिंगाखाली ठेवला. पडद्यावर गोळे आले, काही मोठे, काही लहान, काठाला बारीक केसांसारखे तंतू.

ती खुर्चीतून पडद्याकडे झुकली. मला वाटलं रडेल.

"हे माझ्या डोक्यातलं?"

"हो."

"गोजिरवाणे आहेत मेले. ह्यातले नासके कुठले?"

"बघून कळत नाही."

"हं," ती म्हणाली. "माणसांचंही तेच." मग माझ्याकडे खुर्ची वळवली. "बाबा तुम्हाला काहीबाही बोलले ना?"

"खरं तेच बोलले."

"मीही बोलणार होते. चार दिवस शिव्या जमवल्या होत्या, एकेक अशी निवडून. आता ह्यांच्यासमोर आठवत नाहीत." मग तिने विचारलं, "पुढे काय? परत भोक पाडायचं डोक्याला?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी होकाराची मान हलवली. मग मी गोठवलेल्या कुपीचं सांगितलं. जानेवारीतल्या पेशी, तेव्हाची तपासणी साफ होती. पण एकच कुपी. वितळवताना निम्म्याहून जास्त मरतात. कधी सगळ्याच मरतात.

"आणि वितळवणार कोण?"

मी पटकन म्हणालो, "दुसरं कुणीतरी."

"दुसरं कोण आहे?" मॅडम म्हणाल्या. उरलेलं अर्धं वाक्य नव्हतंच.

ती गेल्यावर फ्लास्कमध्ये ब्लीच घातलं. खाद्याचा गुलाबी रंग बघता बघता उडाला.

२ एप्रिल

कुपी वितळवली. कोमट पाण्यात धरून हलवायची, आत बर्फाचा मुगाएवढा खडा राहिला की बाहेर काढायची. दीड मिनिटाचं काम. एवढ्यात माझ्या पाठीवरून घाम ओघळला. मॅडम मागे उभ्या होत्या, म्हणत होत्या, "मी नाहीये असं समजा."

जिवंत पेशी शंभरात एकतीस.

५ एप्रिल

काही नाही. नुसता कचरा तरंगतोय.

९ एप्रिल

काही नाही. तिच्या वडिलांनी कुठून तरी मॅडमचा नंबर मिळवलाय, रोज दुपारी फोन करतात. एकच शब्द विचारतात म्हणे, "आलं?"

१३ एप्रिल

तीन गोळे! मोजले. परत मोजले. तीनच. फ्लास्कवरचा नंबर पाहिला, चार. मॅडमना बोलावलं, त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि खिशातला फोन काढून तिथेच नंबर लावला. "आलं," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

२० जून

झालं. आज तिच्या पाठीत गेल्या. गेल्या दोन महिन्यांत गुणसूत्रांची तपासणी तीनदा करवली, तिन्ही वेळा साफ. दुकानाला सुट्टी नव्हती तरी बायको आली होती. आम्ही दोघं आणि तिचे वडील बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. साडेचार तास. वडिलांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या बायकोला दिली. मला नाही दिली. बायकोने तिच्यातली अर्धी मला दिली, ती त्यांनी पाहिली.

२३ सप्टेंबर

तीन महिन्यांची तपासणी. टाचणी, कापूस, गरम, गार, सगळं करून पाहिलं. काही नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर शून्यांची रांग लिहिली.

ती मला जिन्याजवळ भेटली. "तोंड असं का पाडलंय? पाय माझे आहेत," म्हणाली. पण हसली नाही.

मॅडम म्हणतात, पेशी जगल्या असतील पण जोडल्या गेल्या नसतील. किंवा जोडल्या असतील पण चुकीच्या जागी. किंवा मेल्या असतील. उघडून बघता येत नाही. मी विचारलं, "मग आपण करतोय काय?" म्हणाल्या, "वाट बघतोय. तेही कामच आहे."

मला ते काम जमत नाही.

१४ नोव्हेंबर

तिचा फोन आला, थेट मला. मॅडमनीच नंबर दिला म्हणे, म्हणजे नियम मोडला. आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?

"पेशीवाले, तुमच्या त्या पेशी खाजवतात!"

"म्हणजे?"

"डाव्या तळपायाला चार दिवस खाज सुटलीये. खाजवलं तरी जात नाही. वेड लागायची पाळी आलीये. हे चांगलं की वाईट?"

मी म्हणालो, माहीत नाही. तुटलेल्या नसा कधीकधी नुसताच गोंगाट करतात, पाय कापलेल्या माणसालाही नसलेल्या पायाला खाज सुटते. डॉक्टरांना सांगा.

"सांगितलं. डिसेंबरच्या तपासणीत बघू म्हणाले. डिसेंबरपर्यंत मी काय करू? तुम्ही या. बाबांनीच सांगितलंय, बोलाव म्हणून."

"मी डॉक्टर नाही."

"म्हणूनच बोलावतोय. तुमच्याइतका शंकेखोर माणूस दुसरा ओळखीत नाही."

१६ नोव्हेंबर

बायकोला घेऊन गेलो. दोन खोल्यांचं घर, दारांचे उंबरे काढून टाकलेले, सगळीकडे हाताला येतील अशा उंचीवर दांडे बसवलेले. दांडे वडिलांनी स्वतः बसवलेत. एकही वाकडा नाही.

मी वाटेत ठरवलं होतं, करायचं तर नीट करायचं. तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. एक चमचा गरम पाण्यात, एक बर्फात. दहा वेळा. कधी डावा पाय, कधी उजवा, कधी लावायचाच नाही, नुसतं थांबायचं. क्रम बायकोने चिठ्ठीवर लिहून मला दाखवला, तिला किंवा वडिलांना नाही. चमचा कुठेही वाजू दिला नाही. कुणी बोलायचं नाही, श्वाससुद्धा जपून.

पहिल्यांदा डाव्याला गार लावला. बरंच थांबून म्हणाली, "काही नाही." वडिलांनी मान खाली घातली.

दुसऱ्यांदा लावलाच नाही. "काही नाही." बरोबर.

तिसऱ्यांदा डावा, गार. "डावा... काहीतरी आहे. थांबा. गार?" मी चमचा परत बर्फात घातला.

उजवा एकदाच आला, तो तिला कळला नाही. डाव्यातलं पहिली वेळ सोडून सगळं कळलं, गरमपेक्षा गार लवकर. आठव्या वेळी काहीच लावलेलं नसताना "डावा" म्हणाली, ते चुकलं. सगळे मिळून दहात सात.

नुसत्या अंदाजाने इतके येणं अवघड आहे. पण अशक्य नाही. आपोआपही थोडं परत येतं काहींचं, पेशी नसत्या घातल्या तरी. त्यात काय पेशींचं, काय व्यायामाचं आणि काय नशिबाचं, ते एका माणसावरून सांगताच येत नाही. हे सगळं मी मनात जुळवत होतो. परत दहा वेळा करावं, म्हणजे वीस होतील, मग तीस. मी चमचे पुन्हा पाण्यात घालायला उठलो. डोळ्यांवरचा टॉवेल तिने अजून काढला नव्हता. "किती?" म्हणून विचारत होती आणि माझ्या तोंडून आकडा निघत नव्हता.

तेवढ्यात वडील पुढे आले. सगळा वेळ ते बर्फाचं भांडं धरून उभे होते. भांडं खाली ठेवलं, जमिनीवर बसले आणि तिचा डावा पाय उचलून दोन्ही हातांत घेतला. आवाज केला नाही.

तिने मान तिरकी केली.

"बाबा," ती म्हणाली, "हात बाजूला करा. गार लागतोय."

त्यांनी केला नाही.